टर्बो बदलण्याआधी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह तपासा

मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली सोडून कुडाळकडे निघाले की कसालचा तिठा लागतो. उजवीकडचा रस्ता कट्टा, चौके, कुंभारमाठ करीत मालवणला उतरतो. सरळ रस्ता ओरोस, कुडाळ, सावंतवाडी करीत गोव्यात जातो. असा तिठा असला की तिथे पंक्चरवाला येतो, वायरमन येतो, ऑटो पार्ट्सचे दुकान येते आणि इंजिनाचे काम जाणणारा एखादा उस्तादही येतो. कोकणपट्टीत या धंद्यात आपले पुष्कळ बंधू आहेत. कोणी वडिलांच्या हाताखाली शिकले, कोणी आखातात जाऊन हात तयार करून आले. आजचा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. गाडी बाळगणाऱ्या व्यापारी बंधूंनीही तो वाचावा, कारण खिसा त्यांचाच रिकामा होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या गाडीने आम्हाला हा धडा दिला. गाडी टर्बो पेट्रोल. मुंबईहून निघालो तेव्हा ठीक होती. पुढे घाटात चढाला पिकअप मरू लागला. ॲक्सिलेटरवरून पाय काढला की बॉनेटखालून फडफड असा आवाज यायचा, जणू कबुतर अडकले आहे. थांबलो की इंजिन जागच्या जागी थरथरायचे. वाटेत एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, एक कोड निघाला आणि निकाल मिळाला : टर्बो गेला, नवा मागवावा लागेल, आठ दिवस लागतील. खर्चाचा आकडा पाच अंकी होता. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि हळूहळू पुढे निघालो.

कसालला एका साध्या गॅरेजपुढे गाडी उभी केली. मालक वयस्कर, बरीच वर्षे आखातात काम करून आलेले. आम्ही म्हटले, "चाचा, टर्बो गेलाय म्हणतात."

"उघडून बघितला कोणी?"

"नाही. मशीनने सांगितलं."

चाचांनी पाना हातात घेतला नाही. आधी तीन गोष्टी विचारल्या. आवाज पाय दाबताना येतो की सोडताना? गाडी सपाटीलाही ओढत नाही की फक्त चढाला? उभी असताना थरथरते का? उत्तरे ऐकून त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन थंड होऊ दिले आणि करंगळीएवढ्या जाडीची एक रबरी नळी बोटाने वाकवून दाखवली. क्लिपच्या खाली ती चिरली होती. चिरेच्या कडेला बारीक दातांच्या खुणा होत्या. नवी नळी, नवी क्लिप, पाऊण तासाचे काम. मालवणपर्यंत गाडी पुन्हा पहिल्यासारखी ओढू लागली.

त्या वर्कशॉपने आमची फसवणूक केली असे आम्ही म्हणत नाही. स्कॅनरवर जे दिसले ते त्यांनी वाचले. पण टर्बो आणि ती नळी यांच्यामध्ये जो छोटा व्हॉल्व्ह आहे, त्याचा विचार कोणी केला नाही. हीच चूक आज ठिकठिकाणी होऊ शकते आणि तिला कारणही आहे.

डिझेलवर तयार झालेला हात

टर्बो ही नवी गोष्ट नाही. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. मोटारगाड्यांत ती १९६२ मध्ये अमेरिकेत आली, ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. आपल्याकडे मात्र टर्बो म्हटले की ट्रक, जीप आणि डिझेल कार हेच डोळ्यांपुढे येत असे. पेट्रोलवरची टर्बो गाडी क्वचितच गॅरेजला यायची.

ते दिवस गेले. २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्टचे एक लिटरचे आणि फोक्सवॅगन पोलोचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन बाजारात आले. २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आणि मारुतीची बलेनो आरएस आली. २०१९ मध्ये ह्युंडाई व्हेन्यू आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३०० आल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनाला या नियमांत बसवणे महाग पडू लागले आणि मारुतीने त्याच सुमारास डिझेल गाड्या बंद केल्या. २०२३ मध्ये फ्रॉन्क्सही टर्बो पेट्रोलमध्ये आली. यातल्या पुष्कळ गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे किंवा संपत आली आहे. म्हणजे त्या कंपनीच्या वर्कशॉपमधून आपल्या गॅरेजकडे वळणार आहेत.

अडचण इथेच आहे. साध्या डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी थ्रॉटलची झडप कामाची नसते. पाय काढला की डिझेल कमी होते, हवेची वाट मोकळीच राहते. म्हणून तिथे ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची गरज पडत नाही. वीस-पंचवीस वर्षे डिझेल टर्बोवर काम केलेल्या उस्तादालाही हा व्हॉल्व्ह कधी हाताळावा लागलेला नसतो. हा त्याच्या हुन्नराचा दोष नाही. पण आता तो शिकून घेतला पाहिजे.

हा व्हॉल्व्ह करतो काय?

सायलेन्सरकडे जाणारा गरम वायू टर्बोचे एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनाकडे ढकलते. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. दाबलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन थ्रॉटलपाशी येते.

आता ड्रायव्हरने गिअर बदलायला एकदम पाय काढला. थ्रॉटल मिटली. पण टर्बो त्या क्षणी थांबत नाही, तो हवा ढकलतच राहतो. पुढे दार बंद असल्यामुळे ती हवा उलटी टर्बोच्या चाकावर आपटते. आपण ऐकतो ती फडफड हीच. इंग्रजीत तिला सर्ज म्हणतात. यामुळे चाकाचा वेग मोडतो, पुन्हा पाय दाबल्यावर गाडी उशिरा उचल घेते आणि रोज रोज असे झाले तर टर्बोच्या बेअरिंगवर ताण येतो.

ही अडकलेली हवा वेळेवर बाहेर सोडणे हे ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचे काम. टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मधल्या वाटेवर तो बसवलेला असतो. काही गाड्यांत तो टर्बोच्या अंगातच असतो, म्हणून पटकन दिसत नाही.

जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला वर एक बारीक नळी असते. ती थ्रॉटलच्या पलीकडे, इन्टेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. आत रबरी डायफ्राम किंवा पिस्टन आणि त्यावर स्प्रिंग. गाडी जोरात ओढत असते तेव्हा व्हॉल्व्हच्या खालीही हवेचा दाब आणि नळीतून वरही तेवढाच दाब. दोन्ही बाजू समान झाल्या की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद ठेवते. पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, तो डायफ्राम वर ओढतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा निघून जाते. नव्या पद्धतीत नळीऐवजी विजेचा सोलेनॉइड असतो आणि गाडीचा कॉम्प्युटर त्याला उघड-बंद करतो.

आमच्या गाडीचे दुखणे आता समजेल. नळी चिरलेली. त्यामुळे पाय काढल्यावर व्हॅक्यूम पोचत नव्हता, व्हॉल्व्ह उघडत नव्हता, म्हणून फडफड. पाय दाबल्यावर वरून दाब पोचत नव्हता, खालचा दाब एकट्या स्प्रिंगला ढकलून व्हॉल्व्ह उघडत होता आणि हवा गळत होती, म्हणून चढाला दम नाही. आणि त्याच चिरेतून इंजिन न मोजलेली हवा ओढत होते, म्हणून थरथर. तीन तक्रारी, एक नळी. टर्बो बदलला असता तरी तिन्ही तशाच राहिल्या असत्या.

सोडलेली हवा जाते कुठे, हेही पाहावे. कंपनीच्या गाड्यांत ती साधारणपणे दुसऱ्या पाइपने टर्बोच्या तोंडाशी परत नेली जाते. याला डायव्हर्टर किंवा बायपास व्हॉल्व्ह म्हणतात. शौकाने बसवलेल्या व्हॉल्व्हमध्ये ती थेट बाहेर सोडली जाते, म्हणून "फुस्स" असा मोठा आवाज येतो.

आणखी एक गल्लत टाळावी. वेस्टगेट वेगळा आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह वेगळा. वेस्टगेट गरम वायूच्या बाजूला असतो आणि टर्बोने किती दाब करावा याला लगाम घालतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह थंड हवेच्या बाजूला असतो आणि पाय काढल्यावर काम करतो. पार्ट मागवताना नाव चुकले तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

गिऱ्हाइकाची तक्रार काय सांगते?

१) पाय सोडताच फडफड : व्हॉल्व्ह उघडत नाही. नळी निघालेली किंवा तुंबलेली, पिस्टन अडकलेला, स्प्रिंग फार कडक, किंवा सोलेनॉइडला वीज पोचत नाही.

२) पिकअप नाही, चढाला दम लागतो : व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. डायफ्राम फाटला, स्प्रिंग मेली किंवा बैठकीवर कचरा बसला. पण इथे घाई करू नये. हीच तक्रार इंटरकूलरचा पाइप सुटला, वेस्टगेट उघडा राहिला, एअर फिल्टर तुंबला किंवा सायलेन्सरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झाला तरी येते.

३) उभ्या गाडीत थरथर : व्हॅक्यूमच्या नळीची गळती. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तरीही असेच होते, कारण त्यातून इंजिन बाहेरची हवा ओढते.

४) गिअर बदलताना झटका, काळा धूर, पेट्रोलचा वास, सिग्नलला गाडी बंद : बहुधा कोणीतरी हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवला आहे. ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असतो, तिचा कॉम्प्युटर मोजलेल्या हवेप्रमाणे पेट्रोल सोडतो. ती हवा मधेच बाहेर गेली तर पेट्रोल जास्त होते.

५) पाय दाबून ठेवला असता सतत सुस्कारा : पाइपच्या जोडावर किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीच्या रिंगवर गळती.

तपासणीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड नंतर.

पहिले, नजर. इंजिन थंड झाल्यावरच हात घालावा, टर्बोचा गरम भाग चामडी सोलतो. प्रत्येक पाइप, क्लिप आणि नळी हाताने हलवून पाहावी. पाइपात तेलाचा पातळ थर असतो, त्याने घाबरू नये. पण जोडाच्या बाहेर तेल ओघळून धूळ चिकटली असेल तर तिथून हवा गळते असे समजावे. नळीची टोके क्लिप काढून पाहावीत. चीर बहुधा क्लिपखालीच लपते.

दुसरे, स्कॅनर. पी ०२९९ हा कोड दाब कमी आहे एवढेच सांगतो. तो टर्बो गेल्याचा दाखला नव्हे. पी ००३३, ००३४ किंवा ००३५ आले तर ते बायपास व्हॉल्व्हच्या विजेच्या वाटेबद्दल असतात. अशा वेळी आधी वायर आणि कनेक्टर पाहावा, पार्ट नंतर मागवावा. कोड पुसण्याआधी वहीत लिहून ठेवावा.

तिसरे, व्हॅक्यूमची परीक्षा. ही नळीवाल्या व्हॉल्व्हसाठी. वरची नळी काढून हातपंप लावावा आणि पारा १५ ते २० इंचांवर न्यावा. काटा अर्धा मिनिट तरी जागचा हलता कामा नये. हलला तर डायफ्राम फाटला किंवा पिस्टनची रिंग गेली असा संशय घ्यावा. काही पिस्टनवाले व्हॉल्व्ह थोडे सोडतात, म्हणून शक्य असेल तर चांगल्या व्हॉल्व्हशी ताडून पाहावे. व्यवहारात हातपंप नसेल तर मेडिकलमधून ५० मिलिलिटरची मोठी सिरिंज आणावी आणि नळीच्या तुकड्याने जोडून दांडा ओढावा. डायफ्राम शाबूत असेल तर व्हॉल्व्ह उघडताना दिसेल आणि सोडल्यावर दांडा आपोआप आत खेचला जाईल.

व्हॉल्व्ह चांगला निघाला तर नळीत व्हॅक्यूम येतो का ते पाहावे. इंजिन चालू करून नळीच्या टोकाला मीटर लावावा. चांगल्या पेट्रोल इंजिनात आयडलिंगला १८ ते २२ इंच मिळतात. मात्र हा आकडा कसाल-मालवणसारख्या सखल भागातला. आंबोलीसारख्या सातशे मीटरच्या आसपास उंचीवर तोच काटा दोनेक इंच खाली दिसेल. काही गाड्यांत नळीच्या मधे छोटा चेक व्हॉल्व्ह किंवा सोलेनॉइड असतो, तोही तपासावा.

विजेच्या व्हॉल्व्हची रीत वेगळी. इग्निशन चालू करून कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का पाहावे. मग मीटरने कॉइल तुटलेली नाही ना ते मोजावे. काढलेल्या व्हॉल्व्हला क्षणभर बॅटरी दिली तर "टक" असा आवाज यावा. पण टक आवाज आला म्हणजे रबर शाबूत आहे असे नव्हे. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनांवर सुरुवातीला रबरी डायफ्रामचे विजेचे व्हॉल्व्ह येत आणि ते रबर फाटत असे. पुढे कंपनीने पिस्टनचा सुधारलेला व्हॉल्व्ह दिला. आखातात काम केलेल्या बंधूंना हे ठाऊक असेल. म्हणून व्हॉल्व्ह उलटा करून उजेडात रबर पाहावे.

चौथे, दाबाची परीक्षा. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचे मापाचे टोपण आणावे, त्याला ट्यूबलेस टायरचा वॉल बसवावा आणि एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर क्लिपने घट्ट करावे. इंजिन बंद. इंजिनाची ब्रीदरची नळी काढून बंद करावी, नाहीतर हवा इंजिनात शिरून ऑइल सीलवर जोर येईल. मग रेग्युलेटर लावूनच अर्धा बार, म्हणजे सुमारे सात पौंड हवा सोडावी. कॉम्प्रेसरची सगळी हवा कधीही सोडू नये. टोपण गोळीसारखे उडते, म्हणून त्याच्या समोर उभे राहू नये. जोडांवर साबणाचे पाणी मारले की बुडबुडे गळती दाखवतात.

इथे एक फसवी जागा आहे. हवा टर्बोच्या तोंडाशी परत नेणाऱ्या व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना या परीक्षेत सारखाच दाब असतो. व्हॉल्व्ह आतून गळत असला तरी बुडबुडा दिसत नाही. त्यासाठी परतीचा पाइप सोडवावा, टर्बोकडचे भोक बुचाने बंद करावे आणि मग व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाचे पाणी लावावे.

पाचवे, रस्ता. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी चढाच्या रस्त्यावर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून चालवावी. ज्या ठिकाणी तक्रार येत होती तिथेच ती गेली हे त्याने स्वतः पाहिले पाहिजे.

हे सगळे करूनही दोष सापडला नाही, तरच टर्बोकडे वळावे. चाकाचा दांडा वरखाली किती हलतो, पाती घासली आहेत का, तेल सुटते का, हे पाहून मगच निकाल द्यावा.

दुरुस्ती करताना

फाटलेला डायफ्राम चिकटवू नये, तो पहिल्याच घाटात सुटतो. रबर पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुऊ नये, ते फुगते. अडकलेला पिस्टन स्वच्छ कापडाने पुसून कंपनीने सांगितलेले हलके वंगण लावावे. बैठकीची ओ-रिंग नवीच घालावी. तिच्या जागी सिलिकॉनचा थर फासला तर त्याचे तुकडे आत थ्रॉटलकडे जातात.

नळीच्या बाबतीत तर आपल्याकडे फार चालढकल होते. काच धुण्याच्या पाण्याची नळी किंवा साधी प्लास्टिकची नळी बसवून गाडी रवाना करतात. ती उष्णतेने मऊ होते, व्हॅक्यूमने चपटी होते आणि महिन्याने तीच तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येते, किंवा येतच नाही. आतल्या मापाची, जाड भिंतीची व्हॅक्यूम होज घ्यावी. प्लास्टिकची पट्टी फार आवळली तर तीच नळी कापते.

व्हॉल्व्हचे तोंड बुचाने बंद करून गाडी देण्याचा उपायही काही जण करतात. तपासणीसाठी क्षणभर चालेल. पण त्याने गाडी लगेच ओढू लागते म्हणून तशीच दिली तर फडफडीचा सगळा मार टर्बोला बसतो. आज वाचवलेला खर्च उद्या गिऱ्हाइकाच्या अंगावर येतो.

उंदीर, खारी हवा आणि पाऊस

कोकणात या दुखण्याला तीन गोष्टी हातभार लावतात. पहिला उंदीर. पावसाळ्यात तो उबेसाठी बॉनेटखाली शिरतो. चाकरमान्यांची गावी आठवडाभर उभी राहिलेली गाडी त्याला आयतीच सापडते. पहिले दात वायर आणि बारीक नळीवर पडतात. दुसरी खारी हवा. मालवण, आचरा, देवगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गाड्यांचे कनेक्टर हिरवे पडतात आणि स्टीलच्या साध्या क्लिपा गंजून ढिल्या होतात. तिसरा पाऊस आणि चिखल. तो खालच्या इंटरकूलरच्या पाइपांत आणि कनेक्टरमध्ये शिरतो. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर टर्बो पेट्रोल गाडीच्या नळ्या आणि कनेक्टर तपासण्याची सवय गिऱ्हाइकांना लावावी. काम थोडे, विश्वास मोठा.

आवाजाचा शौक

तरुण मुले मोबाइलवर व्हिडिओ पाहून येतात आणि "फुस्स" आवाजाचा व्हॉल्व्ह बसवून द्या म्हणतात. चांगले पैसे मिळतात म्हणून हे काम घेण्याचा मोह होतो. आमचे मत स्पष्ट आहे. कंपनीने हवा परत नेण्याची योजना केलेल्या गाडीत तो बसवला तर वर सांगितलेला झटका आणि काळा धूर येण्याचा संभव आहे, वॉरंटीचा दावाही अडचणीत येतो. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. गिऱ्हाइकाला हे नीट समजावून सांगावे. समजावूनही ऐकत नसेल तर काम सोडावे.

धंद्याचा हिशोब

शेवटी व्यवहाराचे बोलू. मोठ्या वर्कशॉपशी आपण जागेत, यंत्रात, एसी वेटिंग रूममध्ये बरोबरी करू शकत नाही. तपासणीत मात्र नक्की करू शकतो. त्यासाठी लागणारे सामान फार नाही : हातपंप, मल्टीमीटर, बरा स्कॅनर, हवेचा रेग्युलेटर, टोपणांचा जोड, तीन-चार मापांची व्हॅक्यूम होज आणि चांगल्या क्लिपा.

त्यासोबत तीन नियम पाळावेत. एक, तपासणीची मजुरी वेगळी सांगावी आणि ती आधीच सांगावी. पार्ट विकला नाही तर आपले काहीच सुटत नाही, ही स्थिती असेल तर माणूस नकळत पार्ट विकण्याकडे झुकतो. तपासणीलाच दाम असेल तर खरे सांगणे परवडते. दोन, काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि कुठे बिघडला ते बोटाने दाखवावे. तीन, बिलावर कोड, मोजलेले आकडे आणि बदललेला पार्ट लिहावा.

कसालच्या त्या चाचांनी आमच्याकडून नळी, क्लिप आणि तपासणीचे पैसे घेतले. रक्कम आम्ही ऐकलेल्या अंदाजाच्या पासंगालाही पुरली नसती. तुम्ही जास्त का मागितले नाहीत, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "जेवढं केलं तेवढं घेतलं." चिरलेली नळी त्यांनी कागदात गुंडाळून आम्हाला दिली. ती आजही गाडीच्या खणात आहे. त्यानंतर मुंबईहून गावी जाणाऱ्या आमच्या ओळखीच्या चार जणांनी आपल्या गाड्या त्याच तिठ्यावर दाखवल्या आहेत.